३१२ किलोवॅटचा कागद

मेलबर्नमध्ये जुलै म्हणजे ऐन थंडी. भर दुपारीही पारा चौदा-पंधराच्या वर सहसा चढत नाही. माझ्याकडे जुलै २०२२चा एक कागद आहे. डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी चढवून काढलेला ताकदीचा आलेख. लाल रेघ वर जाऊन ३१२ किलोवॅटला टेकलीय आणि खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय: हवेचं तापमान ५४ अंश. हा कागद मी फ्रेम करून कामाच्या टेबलासमोर टांगला होता. आठ महिने रोज बघत होतो. ३१२ दिसायचे, ५४ कधी दिसले नाहीत.

गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात दोन पोरं भेटली. एकाने रोटरी इंजिनची माझदा आरएक्स-७ घेतलीय, दुसरा घ्यायच्या बेतात आहे. "दादा, रोटरीचं काम कुठं करून घ्यावं?" त्यांना जेवणाच्या रांगेत उभं राहून जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितोय. माझ्या वर्कशॉपवाल्याचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, का ते पुढे येईल.

माझी आरएक्स-७ १९९३ची, जपानहून आलेली. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे सगळं मिळून १३०८ सीसी. आपल्याकडच्या एखाद्या साध्या सेडानएवढं. पण दोन टर्बो, तेही एकामागून एक जागे होणारे, आणि कारखान्यातूनच २५५ अश्वशक्ती. पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत. शेंगेच्या टरफलासारख्या, मध्ये जराशा आवळलेल्या पोकळीत, म्हणजे हाऊसिंगमध्ये, फुगीर बाजूंचा त्रिकोण, म्हणजे रोटर, फिरत राहतो. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक उभी पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. जाडी दोन मिलिमीटर. या सहा पट्ट्यांवर सगळा खेळ. पिस्टनचं इंजिन थोडंफार नॉकिंग, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी भडकणं, सहन करतं, महिनाभर खडखडत का होईना, पण चालतं. रोटरीत एकदाच जोराचं नॉकिंग झालं की पट्टी तुटते आणि तुटका तुकडा एग्झॉस्टमधून जाताजाता टर्बोची पाती घेऊन जातो.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. मला यातलं कळत नव्हतं म्हणून मी फसलो असं कुणी समजू नये. इंजिन आतून कसं चालतं ते मला येत होतं. माणसाला प्रश्न विचारायची मात्र मला लाज वाटली.

आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, कोल्हापूरला मॅटाडोर चालवायचे. गाडी उद्यमनगरात मिस्त्रीकडे टाकली की संध्याकाळी घ्यायला जाताना ते रिकामी गोणी सोबत न्यायचे. "जुनं सामान घाल ह्यात." रिंगा, बेअरिंगा, गॅस्केट, सगळं. मग ते तिथेच स्टुलावर बसून बिलाशी एकेक वस्तू ताडून बघायचे. मिस्त्रीशी त्यांची तीस वर्षांची दोस्ती, रोजचा चहा एकत्र, तरी गोणी चुकली नाही. मिस्त्रीलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मी त्या गोणीवर बसून लहानाचा मोठा झालो आणि मेलबर्नला येऊन एका चकाचक वर्कशॉपमध्ये जुनं सामान मागायला संकोचलो. गोऱ्या माणसाला वाटेल, हा आपल्यावर संशय घेतोय. हा संकोच मला जवळजवळ चौतीस हजार डॉलरला पडला.

वर्कशॉप शहराच्या दक्षिण-पूर्वेच्या औद्योगिक भागात. फरशी अशी की खाली बसून जेवावं. भिंतीवर १९९१ साली ल मान्सची शर्यत जिंकलेल्या नारिंगी-हिरव्या माझदा ७८७बीचं मोठं पोस्टर. कपाटात रोटर चकचकीत करून मांडलेले, एकावर घड्याळ बसवलेलं. माणूस चाळिशीतला, बोलायला गोड, पाच मिनिटांत खांद्यावर हात. "वीस वर्षं फक्त रोटरीच करतोय, मेट." पुढे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी एएसआयसीच्या नोंदीत पाहिलं तर मी गाडी दिली तेव्हा कंपनी चौदा महिन्यांची होती. ही नोंद कुणालाही घरबसल्या बघता येते, दोन मिनिटांचं काम. मी ते दोन वर्षं उशिरा केलं. आणखी एक गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती: शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये गाडी दुरुस्तीला परवाना लागतो, आमच्या व्हिक्टोरियात तसा लागत नाही. पोस्टर आणि लिफ्ट घेतली की झालात तुम्ही रोटरीतज्ज्ञ.

अंदाजपत्रक २७,५०० डॉलरचं. त्यात दोन नवी रोटर हाऊसिंग, नवी सील, ब्रिज पोर्टिंग, जुन्या दोन टर्बोंच्या जागी एक मोठा टर्बो, टर्बोचा दाब आवरणारा बाहेरचा वेस्टगेट, पेट्रोल फवारणारे चार मोठे इंजेक्टर, नवा ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि ट्यूनिंग. चाकांवर ३०० किलोवॅट मिळतील, असं तोंडी वचन. फेब्रुवारी २०२१ला गाडी दिली, निम्मे पैसे आगाऊ. "तीन महिने."

सतरा महिने लागले. कारणं तयारच होती. कोविड, जहाजं अडकली, जपानमध्ये सुट्ट्या, मशीन शॉपवाला आजारी. दर दोन-तीन महिन्यांनी आणखी एक हप्ता: "तुझे हाऊसिंग आलेत, सोडवून घ्यायचे तर आत्ताच पैसे पाहिजेत." फोटो मागितला की नव्याकोऱ्या हाऊसिंगचा फोटो यायचा, बॉक्ससकट. कुणाचेही असतील. पुढे मला कळलं की तोच फोटो त्याने आणखी एकाला पाठवला होता, तीच मागची भिंत, तोच अर्धवट फाटलेला बॉक्स. मध्येच एकदा मी वैतागून म्हणालो, गाडी आहे तशी परत दे. तो शांतपणे म्हणाला, झालेल्या कामाचे पैसे दे आणि घेऊन जा. इथे कामाचे पैसे येईपर्यंत वर्कशॉपला गाडी अडवून ठेवता येते. आणि गाडी म्हणजे काय, तर चाकांवर उभा सांगाडा, इंजिन कुठल्या खोक्यात आहे तेही मला माहीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी आकडा ३३,८०० वर जाऊन थांबला. त्यातले ९,००० रोख, कारण रोख दिले तर जीएसटी वाचेल म्हणाला. मीही वाचवला. या बाबतीत मी काही साजूक नव्हतो, आणि नेमक्या त्याच ९,००० ची पुढे कुठेच पावती निघाली नाही.

गाडी हातात आली तो दिवस मात्र विसरता येत नाही. चावी फिरवली आणि ती ब्रॅप-ब्रॅप-ब्रॅप करत थरथरायला लागली. ज्यांनी ब्रिज पोर्टचं इंजिन ऐकलंय त्यांना कळेल. लंगडत पळणाऱ्या घोड्यासारखी ती लय. ब्रिज पोर्ट म्हणजे लोखंडी बाजूच्या प्लेटमधल्या हवेच्या मार्गाला शेजारी आणखी एक खाच कोरायची, मध्ये बारीकसा पूल ठेवून. मार्ग लवकर उघडतो, वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण मंद गतीला इंजिन अडखळतं, म्हणून तो आवाज. आवाज आला म्हणजे काम झालं, असं मी धरून चाललो. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अरे, ही आजारी आहे का?" मी हसलो.

नोव्हेंबरमध्ये ओळखीच्या लोकांनी एका दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये डायनो ठरवला होता. गंमत म्हणून मीही गाडी नेली. २४१ किलोवॅट. परत चढवली, २३८. मी तिथूनच फोन केला. "प्रत्येक डायनो वेगळा असतो, मेट. तो डायनो कंजूष आहे." यात अडचण अशी की वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. डायनो-डायनोत फरक पडतोच. पण सत्तर किलोवॅटचा? मी गप्प बसलो, कारण भिंतीवरची फ्रेम.

मार्च २०२३. थंड संध्याकाळ, फ्रीवेवर चढायचा उतार, तिसरा गियर, सहा हजारांच्या आसपास. स्फोट वगैरे काही नाही. पत्र्याच्या डब्यावर खडा पडावा तसा 'टक्' आवाज आला आणि त्यानंतर इंजिन एका पायावर उड्या मारायला लागलं. फुस-फुस-धप, फुस-फुस-धप. बाजूला घेऊन बंद केली, ती पुन्हा सुरू झाली नाही. गाडी मिळाल्यापासून १,९०० किलोमीटर झाले होते.

त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं: "तू जास्त ताणलीस. रेसिंगच्या भागांना वॉरंटी नसते, बिलावर लिहिलंय." बिलावर खरंच लिहिलं होतं. पण ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात काम योग्य काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे ही हमी आपोआप येते, बिलावर काहीही छापून ती काढून टाकता येत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी इतकंच शहाणपण केलं की गाडी परत त्याच्याकडे नेली नाही. "आण, मी उघडून बघतो," असं तो तीनदा म्हणाला. नेली असती तर पुरावाही गेला असता.

टो ट्रकवर घालून ती एका म्हाताऱ्या ग्रीक मिस्त्रीकडे नेली. अर्धा निवृत्त, घरामागच्या शेडमध्ये काम करतो. पोस्टर नाही, फरशीवर तेल. त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुझे जुने भाग कुठे आहेत?" मला आबांची गोणी आठवली. मान खाली घातली.

दोन दिवसांनी त्याने मला बोलावलं. इंजिन उघडून वर्तमानपत्रांवर ओळीने मांडलं होतं. त्याने पुढचं हाऊसिंग माझ्याकडे सरकवलं, माझं बोट धरलं आणि स्पार्क प्लगच्या भोकांजवळ आतल्या कडेवर नख फिरवायला लावलं. नख अडकलं. क्रोमचा पापुद्रा उडालेला, खाली राखाडी धातू. नवं हाऊसिंग १,९०० किलोमीटरमध्ये असं होत नाही. ते माझंच जुनं होतं, वरून रंग देऊन बसवलेलं. माझदाच्या लोकांनी १९६०च्या दशकात आपली पहिली रोटरी घडवताना याच आतल्या भिंतीवर उठणाऱ्या लाटांसारख्या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटलं होतं. केनइची यामामोतो यांच्या सत्तेचाळीस इंजिनिअरांच्या तुकडीने त्यापायी वर्षं घालवली, तेव्हा कुठे १९६७ला माझदाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, रस्त्यावर आली. माझ्या हाऊसिंगवरची नखं कुठल्या सैतानाची, ते मला ठाऊक होतं.

मग सील. तुटलेलं सोडून बाकीची पाच त्याने मायक्रोमीटरवर मोजली. उंचीला नव्यापेक्षा साधारण एक मिलिमीटरने झिजलेली, म्हणजे तीही जुनीच. मग इंजेक्टर. बिलात चार मोठे, प्रत्यक्षात दुय्यम जोडी कंपनीचीच, ८५० सीसीची, नवं प्लास्टिक चढवलेली. टर्बो मात्र खरंच मोठा होता. म्हणजे हवा भरपूर आणि पेट्रोल अपुरं. थंड हवा दाट, त्या संध्याकाळी मिश्रण आणखी कोरडं पडलं, नॉक झालं, पट्टी तुटली. त्याने टर्बो फिरवून दाखवला, दोन पात्यांची टोकं गायब.

शेवटी त्याने लोखंडी प्लेट उलटी केली आणि काही न बोलता टॉर्च मारला. हवेचा मार्ग कारखान्यातून आला तसाच. ओतकामाची खरखरीत कडही शाबूत. खाच नाही, पूल नाही, फाइलचा एक ओरखडा नाही. मी विचारलं, मग तो आवाज? म्हातारा हसायला लागला. तो आवाज ईसीयूमधून काढता येतो. मंद गतीला इग्निशन आणि पेट्रोल मुद्दाम बिघडवायचं, इंजिन नाटक करतं. "ट्रॅफिकमध्ये कशी चालायची?" मी म्हणालो, एकदम मऊ. "ब्रिज पोर्ट तिथे झटके देतं. हलक्या पायावर तुला रडवतं. तुझी रडवत नव्हती, तेव्हाच कळायला हवं होतं." ब्रिज पोर्टिंगचे म्हणून ३,२०० डॉलर मी एका आवाजाचे दिले होते. बायको बरोबर म्हणाली होती, ती आजारीच होती, कुणीतरी पाडलेली.

ईसीयूही कुलूपबंद. मी विकत घेतलेल्या वस्तूचा पासवर्ड त्या माणसाकडे. काही ट्यूनर मेहनत चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावतात, ते मी समजू शकतो. पण पैसे देण्याआधी विचारून घ्या.

फ्रेममधला कागद मी त्याच संध्याकाळी म्हाताऱ्याला नेऊन दाखवला. त्याने चष्मा वर केला आणि बोट थेट खालच्या कोपऱ्यावर ठेवलं. ५४. गरम हवा विरळ असते, गरम दिवशी इंजिन कमी ताकद देतं, म्हणून डायनोचा संगणक तापमान बघून हिशेबाने वरचे आकडे भरतो. तापमान मोजणारी सुई कुणी रेडिएटरपाशी किंवा दिव्याखाली ठेवली तर मशीन बिचारं समजतं की बाहेर वाळवंट आहे आणि उदारपणे ताकद वाढवून देतं. पण तेवढ्याने सत्तर किलोवॅट येत नाहीत. आलेखावर बूस्टची, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाची, रेघ नव्हती, गाडीचा नंबरही नव्हता. बहुधा दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा आलेख, वरून गरम सुईची फोडणी. पुण्या-मुंबईत गाड्या रीमॅप करून घेणाऱ्यांनीही आलेखावरची ही तीन ठिकाणं बघावीत: तापमान, बूस्टची रेघ, गाडीचा नंबर.

आणि कम्प्रेशन, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं ते. गाडी देताना त्याने मला साध्या गेजचा फोटो पाठवला होता, ११५ पीएसआय. छान आकडा. पण साधं गेज पिस्टनसाठी असतं, त्यात सर्वांत मोठा आकडा अडकून राहतो. रोटरला तीन बाजू, त्यातली एक बरी असली की गेज खूश, बाकी दोन मेलेल्या असल्या तरी. रोटरीचा टेस्टर वेगळा, तो तिन्ही बाजूंचे तीन आकडे आणि इंजिन किती आरपीएमला फिरत होतं तेही देतो. दोन रोटरांचे सहा आकडे. तुम्हाला कुणी रोटरीचा एकच आकडा दाखवला तर तो अडाणी आहे किंवा लबाड आहे, आणि दोन्हींपैकी कुणालाच इंजिन देऊ नका. शंका असेल तर प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालता येतो, हाऊसिंगची भिंत दिसते. कॅमेरा पन्नास डॉलरला मिळतो. मी आता घेतलाय.

व्हीएएसएसचं प्रमाणपत्र, म्हणजे एवढा बदल रस्त्यावर चालवायला लागणारा अभियंत्याचा दाखला, "नंतर बघू" म्हणून राहून गेलं होतं. ते नसताना अपघात झाला असता तर विमा कंपनीने हात वर केले असते. ते आठ महिने आठवले की अजून पोटात गोळा येतो. मुलगी मागच्या इवल्याशा सीटवर बसायचा हट्ट करायची.

ऑगस्ट २०२३ला व्हीकॅटमध्ये, म्हणजे इथल्या ट्रिब्युनलमध्ये, अर्ज केला. म्हाताऱ्याचा फोटोंसहित लेखी अहवाल, बँकेच्या नोंदी, त्याचे मेसेज. तारीख यायला वर्ष गेलं. तो आला, टाय लावून, आणि अहवाल लिहिणारा माणूस आपला धंद्यातला शत्रू आहे म्हणाला. निकाल माझ्या बाजूने लागला, १९,४०० डॉलर. रोख दिलेले ९,००० बाद, कारण पुरावा नाही.

तीन आठवड्यांनी कंपनी दिवाळखोरीत गेली. लिक्विडेटरचं पत्र आलं, देणेकऱ्यांच्या यादीत माझं नाव शेवटून चौथं. आजतागायत एक डॉलर आलेला नाही. दोन गल्ल्या पलीकडे नवी पाटी लागलीय, नवं नाव, नवी फरशी. पोस्टर तेच, रस्त्यावरून दिसतं.

म्हातारा आता माझं इंजिन सावकाश जुळवतोय. या वेळी कारखान्यातली मूळ रचना, मूळचे दोन टर्बो, दहा पीएसआय बूस्ट, बस्स. जुन्या टर्बोंची जोडी शोधत होतो, कारण माझी त्या वर्कशॉपमधून कुठे गेली ते कधीच कळलं नव्हतं. "भंगारात टाकली, फुटलेली होती," असं त्याने व्हीकॅटमध्ये शपथेवर सांगितलं होतं. मार्चमध्ये ॲडलेडच्या एका माणसाची जाहिरात दिसली. तिसऱ्या फोटोत टर्बोच्या अंगावर पिवळ्या पेनने जपानी अक्षरं होती. ती मला पाठ आहेत. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने ओव्हरहॉल केल्यावर लिहिलेली तारीख: जपानी कालगणनेतलं हेइसेइ १७, म्हणजे २००५. गाडी बंदरावरून सोडवून आणली त्या रात्री मीच टॉर्च लावून तिचा फोटो काढला होता.

ॲडलेडचा माणूस सज्जन निघाला. त्यानेही तिसऱ्याकडून घेतले होते, रीतसर पावतीवर. मी त्याला गोष्ट सांगितली, त्याने दोनशे कमी केले. माझेच टर्बो मी १,६०० डॉलरला परत विकत आणले. पावती घेतली.